सोडण्याचा रकाना

मोतीराम कुणाच्या लग्नाला निघाला की त्याची बायको रत्नमाला त्याच्यामागं दहा पावलं राहायची. लाजून नव्हे, कुत्र्यांमुळं. मोतीरामनं अंगाला दोनदा साबण लावला, धुतलेला सदरा घातला, कानात अत्तराचा फाया खोचला, तरी गल्लीच्या तोंडाशी पहिलं कुत्रं नाक वर करायचं आणि मग औरंगपुऱ्यापासून मांडवापर्यंत एकाची वर्दी दुसऱ्याला पोचायची. वरातीच्या बँडवर भुंकणार नाहीत इतकी कुत्री या एका माणसावर भुंकायची. पाहुणे हसायचे. मोतीरामही हसायचा, पण मांडवात शिरेपर्यंत त्याची मान खालीच असायची.

सव्वीस वर्षं तो शहरातली मोकाट कुत्री धरत होता, रोजंदारीवर. डाव्या पोटरीचा लचका एका कुत्रीनं गुलमंडीत तोडून नेला होता, उजव्या हाताची करंगळी पेरापासून गेली होती, आणि मनगटावर दातांच्या खुणा इतक्या की मोजायला बसलं तर चहा गार व्हावा. सुरुवातीला तर धरणं नव्हतंच, मारणं होतं. सकाळी विषाचे लाडू टाकायचे आणि तासाभरानं गाडा घेऊन मढी गोळा करायची. काही मेलेली नसायची. ती उघड्या डोळ्यांनी पाय झाडत पडलेली असायची, आणि त्यांच्या डोक्यात पहार घालायचं काम नव्या माणसाकडं, म्हणजे मोतीरामकडं होतं. पुढं कायदा आला: कुत्रं मारायचं नाही. धरायचं, नसबंदी करायची, लस टोचायची, कानाला खाच पाडायची आणि जिथून उचललं तिथंच नेऊन सोडायचं. त्या दिवशी मोतीरामनं पहार धुऊन कोपऱ्यात उभी केली आणि पुन्हा हातात धरली नाही.

'जिथून उचललं तिथंच' याचा अर्थ त्याला पहिल्याच वर्षी कळला. एक पांढरं कुत्रं चुकून दोन गल्ल्या पलीकडं सोडलं गेलं. फक्त दोन गल्ल्या. मटणाच्या दुकानासमोर पाच कुत्र्यांनी त्याला ताणून धरलं. दोघांनी मागच्या तंगड्या, एकानं नरडं, आणि लोकांनी दगड मारून पांगवेपर्यंत त्याची आतडी रस्त्यावर आली होती. मोतीराम घरी येऊन जेवला नाही. सगळं ऐकून घेतल्यावर रत्नमालानं ट्रंकेतून जुन्या साड्या काढल्या आणि चरचर फाडून त्यांच्या पट्ट्या केल्या. प्रत्येक गल्लीचा एक रंग. कुत्रं धरलं की मोतीराम त्याच्या गळ्यात त्या रंगाची पट्टी बांधायचा. चार-पाच दिवसांनी त्याच गल्लीत, त्याच खांबाखाली नेऊन उतरवायचा आणि स्वतःच्या हातानं पट्टी सोडायचा. पट्टी सोडताना कुत्रं हमखास चावायला यायचं. उपकाराची फेड ती तशीच, असं म्हणून तो हात झटकायचा.

मग महापालिकेत नवे साहेब आले आणि कार्यमूल्यमापन आलं.

साहेब वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांच्याआधी खड्ड्याची तक्रार केली तर तक्रारदाराच्या वर्षश्राद्धाला उत्तर यायचं. आता तीन दिवसांत खड्डा बुजायला लागला, हे खोटं कसं म्हणायचं? मुख्य दालनात त्यांनी भिंतीएवढा पडदा लावला. प्रत्येक खात्याचं नाव, पुढं गुण आणि रंग. हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे बेताचं, लाल म्हणजे सोमवारी साहेबांसमोर उभं राहायचं. कुत्र्यांच्या पथकाला गुण कशाचे? दिवसाला किती धरली, किती नसबंद्या झाल्या, तक्रार चोवीस तासांत निकाली निघाली का, आणि तक्रारदारानं मोबाईलवर पाचपैकी किती तारे दिले. कुत्रं धरलं की त्याचा फोटो मोबाईलवर टाकायचा. सोडल्याचा फोटो टाकायची सोयच नव्हती. त्यासाठी रकानाच नव्हता. आखणाऱ्याला वाटलं असेल, सोडायला काय लागतं, दार उघडलं की झालं.

आणि या गुणांच्या शेवटी एक गाजर लटकत होतं. सहा महिन्यांच्या शेवटी ज्याचे गुण ऐंशीच्या वर, त्याला नोकरीत कायम करायची शिफारस.

'कायम' हा शब्द ऐकला की मोतीरामला त्याचा जुना जोडीदार आठवायचा. पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याचा गाल फाडला होता. शेवटी त्याला खाटेला दोरांनी बांधावं लागलं. पाण्याचा पेला समोर आला की तो कण्यातून वाकायचा, किंचाळायचा, स्वतःचा ओठ चावून रक्त काढायचा. तो मेल्यावर मुकादमानं सांगितलं, रोजंदारीवाल्याला खात्याचा माणूस धरत नाहीत, त्याची कुठं नोंद नसते. सव्वीस वर्षं मोतीरामला एवढंच हवं होतं: आपण मेलो तर कुठंतरी नोंद असावी.

पहिल्या महिन्यात त्याला एकेचाळीस गुण पडले. अर्धा दिवस धरण्यात जायचा आणि अर्धा गल्लोगल्ली सोडण्यात. गाडीचा ड्रायव्हर राजेंद्र पस्तिशीचा, जिभेचा तिखट पण मनाचा बरा. तो त्याला म्हणाला, "मामा, तुमी कुत्र्यायला पाहुण्यावानी घरपोच करून राह्यले. त्येचे मार्क कोण देतंय?"

"जागा चुकली तर मरतंय ते, राजू."

"आन् आपण? आपली जागा कोणती हाय?"

मोतीरामनं पुढच्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टी बांधली. इकडं नसबंदी केंद्रात साठ पिंजरे आणि त्यात दीडशे कुत्री झाली. टाके ओले असलेली कुत्री एकमेकांवर तुटून पडायची, जाळीला फेस आणि रक्त लागायचं, आणि सकाळी पाइप लावला की मोरीत लाल पाणी वाहायचं. दोन तर रोज मरायची. सगळे म्हणू लागले, काहीतरी करा, जागा करा, आकडा वाढवा.

वैशाखातल्या एका दुपारी राजेंद्रनं गाडी सिल्लोड रोडला वळवली. शहराच्या हद्दीला, प्लॉट पाडलेल्या एका उजाड माळावर तिनं दम घेतला. चार-दोन अर्धवट बांधकामं, एक टपरी, लांबवर दहा-बारा घरं. गाडीत बावीस कुत्री होती. राजेंद्र खाली उतरलाच नाही. "दार तुमी उघडा, मामा. म्या ड्रायव्हर हाय," एवढंच म्हणाला.

मोतीराम किती वेळ कडीवर हात ठेवून उभा होता, हे त्यालाही सांगता आलं नसतं. मग त्यानं कडी काढली.

कुत्री उतरेनात. हुंगायला ओळखीचं काहीच नव्हतं. राजेंद्रनं भोंगा दाबून धरला तेव्हा ती एकमेकांना तुडवत खाली सांडली, आणि सांडताच जुंपली. गुलमंडीचं काळं शहागंजच्या ठिपकेवाल्यावर गेलं, बाकीची त्या दोघांवर. एका तीन पायांच्या कुत्र्याला चौघांनी धुळीत ओढलं आणि त्याचा आवाज मध्येच तुटला. त्या गोंधळातून एक तांबडी कुत्री मोतीरामच्या पायाशी येऊन उभी राहिली. ती त्याच्याच गल्लीतली. बाकीच्यांना पट्ट्या बांधायला त्या आठवड्यात वेळ मिळाला नव्हता. हिच्या गळ्यात मात्र त्यानं सवयीनं रत्नमालाच्या हिरव्या साडीची पट्टी बांधली होती. तो पट्टी सोडायला वाकला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर भुंकली नाही. त्याच्यानं हात पुढं करवला नाही. तो वळला आणि गाडीत बसला.

"आपली तांबडी दिसंना," त्या संध्याकाळी रत्नमाला म्हणाली.

"केंद्रात हाय. टाके वले हायेत," मोतीराम म्हणाला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. कुत्र्यांच्या बाबतीत तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता.

त्यानंतर दर आठवड्याला दोन खेपा माळावर जाऊ लागल्या, आणि खरी गंमत पुढंच झाली. माळावरच्या दहा-बारा घरांतून तक्रारी यायला लागल्या. कोंबड्या गेल्या, करडू फाडलं, सायकलवाल्याची मांडी धरली. तक्रार आली की पथकानं चोवीस तासांत जायचं, पाच-सहा कुत्री धरायची, फोटो टाकायचा. तक्रार निकाली. कानाला खाच असलेली तीच कुत्री पुन्हा आकड्यात यायची, आठ दिवस पिंजऱ्यात राहायची आणि पुन्हा त्याच माळावर उतरायची. सोडली किती, कुठं, हे विचारणारा रकाना नव्हता. धरली किती, याचा आकडा फुगत गेला. चौथ्या महिन्यात पथक पडद्यावर हिरवं झालं. पाचव्या महिन्यात मोतीरामचे गुण सत्त्याऐंशी. साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं, गुलाबाचं फूल दिलं आणि म्हणाले, अनुभवी माणसानं मनावर घेतलं तर काय होतं, हे बघा.

मोतीराम त्या वेळी तोंड उघडू शकला असता. त्यानं फूल घेतलं.

सहाव्या महिन्यातला तो सोमवार. पारूबाई नावाची साठीची बाई माळावरच्या आपल्या घरातून निघाली. तिचा मुलगा कडुबा पलीकडच्या बांधकामावर वॉचमन होता, आणि रोज सकाळी त्याची भाकर ती फडक्यात बांधून नेऊन द्यायची. फडक्यात बाजरीच्या दोन भाकरी होत्या आणि वर बोंबलाची चटणी. तिला कळपानं रस्त्यात गाठलं. आधी एकानं फडकं ओढलं. शहाण्या माणसानं फडकं सोडलं असतं, पण पोराची भाकर होती. पारूबाईनं ते छातीशी धरलं. मग पदर गेला, मग ती गुडघ्यावर आली, आणि एकदा ती खाली आल्यावर दहा-बारा तोंडं एकदम तिच्यावर पडली. टपरीवाला पळत आला तेव्हा एक कुत्रं तिच्या दंडाला धरून मागं मागं ओढत होतं आणि दुसरं मानेशी होतं. त्यानं पेटता स्टोव्ह फेकला तेव्हा कळप हटला. बाईच्या खांद्याचं हाड उघडं पडलं होतं, आणि फडकं अजून तिच्या मुठीत होतं.

तक्रार कोणी शेजाऱ्यानं कडुबाच्याच फोनवरून नोंदवली. चोवीस तासांचा नियम. पथक तासाभरात पोचलं. रुग्णवाहिका गेलेली होती. माळावर पन्नासेक माणसं काठ्या, सळया घेऊन उभी होती आणि मधोमध एक तांबडी कुत्री मरून पडली होती. तिला एवढं मारलं होतं की डोकं ओळखू येत नव्हतं. गळ्यातली हिरवी पट्टी मात्र जशीच्या तशी होती.

"पट्टी हाय गळ्यात. म्हंजी पाळलेलं हाय," कोणीतरी ओरडलं. "ही पिलावळ पोसली कोनं?"

उत्तर सगळ्यांकडं तयार होतं. माळाच्या टोकाला द्वारकाबाई राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि संध्याकाळी शिळे पाव कुत्र्यांना टाकायच्या. माणसं त्यांच्या दाराकडं धावली. मोतीराम गाडीतून उतरला तोवर त्यांनी बाईंना केसांना धरून ओट्यावरून खाली आणलं होतं. चष्मा पायाखाली गेला. एकानं त्यांच्या पाठीत काठी घातली. "अरे बाबांनो, मी फक्त पाव टाकते रे," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, वर्गात समजावून सांगावं तसं.

राजेंद्रनं मोतीरामचा दंड घट्ट धरला. "मामा, गप ऱ्हायचं. आठ दिवस ऱ्हायलेत कायमच्या यादीला. आपल्याला काय म्हाईत नाय."

दुसरी काठी बसली. बाईंच्या कपाळावरून रक्त डोळ्यात उतरलं, आणि त्यांनी ते पुसायला हात वर केला तर कोणीतरी तो हात पिरगाळला. मोतीरामच्या डोळ्यांपुढं ती जुनी पहार आली. तेव्हा निदान मारणारा मीच आहे हे मला ठाऊक होतं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःची इतकी किळस वाटली की त्यानं राजेंद्रचा हात झटकला.

"सोडा बाईला," तो म्हणाला. कोणी ऐकलं नाही. तो गर्दीत घुसला आणि द्वारकाबाईंच्या अंगावर आडवा झाला. "ती पट्टी माझी हाय. माझ्या घरच्या लुगड्याची हाय. कुत्री म्या आनून सोडली हितं. समदी."

क्षणभर काठ्या वरच राहिल्या. मग कडुबा पुढं आला. आईच्या रक्तानं त्याचा शर्ट पुढून काळा झाला होता. "काय म्हनला?"

मोतीरामनं तेच पुन्हा सांगितलं.

पहिला फटका कडुबाचा होता. सळई मोतीरामच्या हातावर बसली आणि आतून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. पुढं कोण कोण मारत होतं ते त्याला कळलं नाही. बरगडीत लाथा बसल्या, तोंडात माती आणि दाताचा तुकडा आला, एकानं टाचेनं त्याचा कान दाबून धरला. कुत्रं नरडं धरतं तेव्हा मान आत घ्यायची, हे सव्वीस वर्षांचं शिक्षण त्याच्या कामी आलं. त्यानं मान आत घेतली आणि बाईंना पोटाखाली धरून ठेवलं. राजेंद्रनं गाडीचा भोंगा दाबून धरला होता, तो बराच वेळ वाजत राहिला.

सरकारी दवाखान्यात मोतीरामचा उजवा हात प्लास्टरमध्ये, तीन बरगड्यांना पट्टा आणि एक डोळा बंद. रत्नमाला उशाशी बसून होती. राजेंद्र तिथंच येऊन सगळं बोलला, त्यामुळं तिला माळाची हकिगत नवऱ्याकडून नाही, ड्रायव्हरकडून कळली. तिनं मोतीरामकडं पाहिलं नाही.

"वरून निरोप हाय," राजेंद्र हळू आवाजात म्हणाला. "मारहाणीची केस व्हईल, कर्मचाऱ्यावर हल्ला म्हनून. कडुबा आत जाईल. तुमी फक्त म्हनायचं, जमावाला भिऊन बोललो, पट्टी माझी नाय. गुन अठ्ठ्याऐंशी हायेत तुमचे. यादीत नाव पक्कं."

मोतीरामनं डोळा मिटून घेतला.  कायम होण्याला आता फक्त सात दिवस उरले होते, आणि त्याला ते हवं होतं. एवढं सगळं होऊनही हवं होतं, हीच त्याला सर्वांत मोठी लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच दवाखान्यातल्या खालच्या वॉर्डात पारूबाईनं प्राण सोडला.

दुपारी कडुबा वर आला. रत्नमाला घाबरून उठली आणि नवऱ्याच्या खाटेपुढं उभी राहिली. कडुबाच्या हातात सळई नव्हती, मोबाईल होता. तो तिला वळसा घालून खाटेशी आला आणि फोन मोतीरामच्या तोंडासमोर धरला.

"आता आला ह्यो मेसेज. मायला खाली चादरीत गुंडाळत होते तव्हा. वाच."

मोतीरामनं एका डोळ्यानं वाचलं. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल? खाली पाच रिकाम्या चांदण्या होत्या.

"किती देऊ?" कडुबा म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली होता. "मला समजना. तूच दाब. तुझ्या हातानं."

रत्नमाला म्हणाली, "भाऊ, त्येंचा हात मोडलाय."

"डावा हाय की."

एक तारा पडला तर निकाली निघालेली तक्रार पुन्हा उघडते, चौकशी लागते आणि पथकाचा रंग लाल होतो, हे मोतीरामला पाठ होतं. सहा महिने तो या ताऱ्यांवरच जगला होता. त्यानं डावा हात चादरीतून बाहेर काढला. बरगड्यांच्या पट्ट्यामुळं तो फोनपर्यंत पोचेना, म्हणून रत्नमालानं त्याचं मनगट धरलं. तिनं तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याला हात लावला होता. त्यानं पहिल्या चांदणीवर बोट टेकवलं. एकच पिवळी झाली.

फोनवर नवी चौकट उघडली. कारण लिहा.

"मला टायपिंग जमत नाय," मोतीराम म्हणाला. "म्या बोलतो, तू लिव्ह. लिव्ह, कुत्री पथकानंच आनून सोडली. चार-पाच महिने, आठवड्याला दोन खेपा. धरली तीच परत परत मोजली. गाडीचं दार म्या उघडलं. द्वारकाबाईचा काय संबंध नाय. गळ्यातली पट्टी माझी हाय."

कडुबा एका बोटानं सावकाश टाइप करत राहिला. मध्ये एकदा त्यानं बाहीनं डोळे पुसले. शेवटी त्यानं विचारलं, "खाली नाव टाकू?"

"टाक," मोतीराम म्हणाला. "हजेरी नंबर बी टाक, एकशे चौदा. नायतर नोंद व्हायची नाय."